उंबरखिंड: घाट दोन, गुपित एक

खंडाळ्याहून नागफणीचा सुळका डोळ्यासमोर ठेवत कुरवंड्याला गेलात, की तिथून एक वाट खाली चावणीकडे उतरते. २ फेब्रुवारी १६६१ ला कारतलबखान फौज घेऊन याच बाजूने कोकणात उतरत होता. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानाने त्याला पाठवलं होतं; सोबत रायबागन होती. खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराज वाट बघत होते.

महाराजांनी डोंगराचा फायदा घेतला, असं आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे, पण अर्धं. दबा धरण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: कुठल्या घाटात? शेजारीच बोरघाट होता.

समजा, तुम्ही खान आहात. बोरघाटातून सुखरूप उतरलात तर ४ गुण, उंबरखिंडीतून २, आणि सापडलात तर शून्य. मग नेहमी बोरघाटच घ्यायचा? तसं केलं तर समोरचा तिथेच बसेल. गणित सांगतं, तीनातून एकदाच बोरघाट घ्या, दोनदा उंबरखिंड. म्हणजे चांगली वाट कमी वेळा! मग समोरचा कुठेही बसला तरी तुमच्या पदरात सरासरी ४/३ गुण पडतात. हीच मिक्स्ड स्ट्रॅटेजी. जॉन फॉन नॉयमन यांनी तिच्यामागचा सिद्धांत १९२८ साली मांडला.

मैदानावर हे रोज चालतं. इग्नासिओ पालासिओस-उएर्ता यांनी २००३ साली फुटबॉलच्या १,४१७ पेनल्टी तपासल्या. खेळाडू डावी-उजवी बाजू अशा प्रमाणात मिसळतात की दोन्हीकडे यशाचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. शिवाय मागच्या किकवरून पुढची ओळखता येत नाही.

पण या सगळ्याला एक अट आहे. तुमची निवड समोरच्याला आधी कळता कामा नये. नाणं कितीही प्रामाणिकपणे उडवा, ते पडलेलं समोरच्याला दिसलं की उपयोग शून्य. खान पोहोचण्याआधीच महाराज खिंडीत होते, म्हणजे वाट फुटली होती. मग संभाव्यतेचा खेळच उरला नाही. 'शिवभारत' सांगतं की कोंडीत सापडलेल्या खानाला रायबागनने शरण जायचा सल्ला दिला, आणि खंडणी देऊन तो सुटला.

महाराजांनी मनात अपूर्णांक मांडले होते, असं माझं म्हणणं नाही. पण पुढचा डाव बघा. डोंगरात जिंकल्यावर पुन्हा डोंगरातच बसायचा मोह कुणालाही झाला असता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री मात्र ते थेट पुण्यात, लाल महालात शिरले आणि शाहिस्तेखानाची बोटं कापली गेली.

उंबरखिंडीला जाल तेव्हा उंच कड्यांचे फोटो जरूर काढा. फक्त एवढं लक्षात असू द्या: कडे त्या दिवशी दोन्ही बाजूंना दिसत होते. खानाची वाट मात्र दोघांनाही माहीत होती, आणि हे खानाला ठाऊक नव्हतं.