मोडी पत्र, रफार आणि तीन वर्षांची चूक

नंदुरबार परगण्यांतील एक मोडी पत्र छपाईस सिद्ध करीत असतां आमच्या हातून जो प्रमाद घडला, तो संग्राहकांच्या कानावर घालणें आम्हांस अवश्य वाटतें. पत्र तापीकांठच्या एका घराण्याच्या रुमालांतलें आहे. परगण्याच्या कमाविसदारानें पाटलास वसुलाच्या तगाद्याविषयीं लिहिलेलें. अखेरीस वार, रजब महिन्याचा चंद्र व सुहूर सन. मुळांत सन स्वच्छ वाचतां येतो : अर्बा सबैन मया व अलफ, म्हणजे ११७४. मुद्रितांत मात्र तो सबा सबैन मया व अलफ, म्हणजे ११७७ असा उमटला.

तीन वर्षांचें अंतर कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु सुहूर ११७४ मधील रजब महिना इ. स. १७७३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत पडतो, आणि नारायणराव पेशव्यांचा वध झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजीं. पुण्यास गादीचा घोळ चालू असतां तापीकांठीं वसुलाचा तगादा नेहमींप्रमाणें सुटत होता, हें या साध्या पत्रावरून कळतें. त्याचें मोल तेवढ्यांतच आहे. सन सबा धरला तर तेंच पत्र १७७६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत, पुरंदरच्या तहानंतर बारभाईंच्या कारभारांत जाऊन बसतें, आणि शेंकडों तगाद्यांपैकीं एक होऊन राहतें.

चूक झाली ती अशी. आमची बालबोध नक्कल कांहीं वर्षांपूर्वीं जुन्या संगणकीय टंकांत उतरलेली होती. त्या टंकांत अक्षरें डोळ्यांस दिसतात त्या क्रमानें सांठविलीं जात : ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधीं, आणि रफार अक्षर व काना यांच्या मागून. युनिकोडांत क्रम उच्चाराचा असतो. अर्बा या शब्दांत अ, मग र व हलन्त, मग ब, शेवटीं काना. एकांतून दुसऱ्यांत मजकूर नेतांना रफार मागून उचलून ब च्या पुढें आणावा लागतो. आमच्या नकलेंत तो न हालतां एका परक्या चिन्हाच्या रूपानें तेथेंच राहिला. जुळणी करणारानें तें चिन्ह कचरा समजून काढून टाकलें. उरलें अबा. पुढील दोष सर्वस्वी आमचा : असा सन नाहीं हें पाहून, मूळ कागद जवळ असतांही तो न उघडतां, आम्हीं सबा अशी ‘दुरुस्ती’ केली. जंत्रींत वार व चंद्र यांचा मेळ बसेना, तेव्हां रुमाल पुन्हां सोडला.

रफाराची पीडा कांहीं संगणकानें आणलेली नव्हे. जावजी दादाजी यांनीं १८६४ त अक्षरांचा ओतकारखाना व १८६९ त निर्णयसागर छापखाना काढला. त्या काळीं चालणाऱ्या डिग्री पद्धतींत अक्षर एका खिळ्यावर, आणि मात्रा, रफार हे वरच्या पट्टींतील निराळ्या बारीक तुकड्यांवर असत. तो तुकडा हालला किंवा झिजला म्हणजे रफार गेलाच. फरक इतकाच कीं तेथें रिकामी जागा दिसे; येथें शब्द सफाईनें जुळून येतो आणि संशय येत नाहीं. आणखी एक उपद्रव ऱ्य चा. हें जोडाक्षर दर्या यांतल्या रफारासारखें साधलें कीं दऱ्या चा दर्या होतो, आणि सातपुड्यास समुद्र येऊन मिळतो! अक्राणीकडील कागदांत हा शब्द वारंवार यावयाचा, म्हणून हा इशारा.

पानाच्या मांडणीविषयींही थोडें लिहितों. सु॥, मु॥ यांतले दोन दंड संक्षेपाचे आहेत, विरामाचे नव्हेत. त्यांपुढें ओळ तुटूं देऊं नये. तसेंच चंद्राची तारीख दाखविणारा छ व त्यापुढील आंकडा एका ओळींत राहिला पाहिजे. दोहोंमध्यें न तुटणारी मोकळी जागा घालतां येते. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत व ऱ्हस्व-दीर्घही सहसा पाळीत नाहींत. शब्दांची फोड संपादकाची असते, ती तशी सांगावी, आणि घातलेलें अक्षर चौकोनी कंसांत असावें. छापखान्यास द्यावयाच्या पीडीएफ प्रतींत टंक अंतर्भूत करावेत, नाहींतर तेथील यंत्र दुसराच टंक लावतें व जोडाक्षरें फुटतात. अखेरचें मुद्रित पडद्यावर न वाचतां कागदावर घेऊन, एकानें मूळ मोडी वाचावी व दुसऱ्यानें मुद्रित पहावें. मोडी लिपीस युनिकोडांत २०१४ पासून स्वतंत्र स्थान आहे. तेव्हां निदान सनाची ओळ मोडींतही छापण्यास आतां अडचण राहिलेली नाहीं.

आमच्या नकलेंतील बाकीची पत्रें आम्हीं पुन्हां मुळाशीं ताडून पाहिलीं. आणखी दोन ठिकाणीं अर्बैन चा रफार गळलेला सांपडला. तेथें सुदैवानें कोणीं दुरुस्ती केलेली नव्हती. तीनही जागा शुद्ध करून नवें मुद्रित काढलें आहे, आणि पहिलें चुकीचें मुद्रित रुमालांत मूळ पत्राशेजारीं ठेविलें आहे.