किशी, नोबुसुके

(१३ नोव्हेंबर १८९६–७ ऑगस्ट १९८७). जपानचे पंतप्रधान (१९५७–६०) आणि लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. जन्म यामागुची प्रांतात, सातो घराण्यात. वडील मूळचे किशी. ते सातोंकडे दत्तक घरजावई म्हणून गेले होते. नोबुसुके पुढे वडिलांच्या मूळ घराण्यात दत्तक गेले, त्यामुळे सख्खे धाकटे भाऊ एइसाकू सातो यांचे आडनाव वेगळे राहिले. तेही पुढे पंतप्रधान झाले (१९६४–७२).

टोकिओ विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन (१९२०) किशी सरकारी नोकरीत शिरले. १९३६ मध्ये त्यांची रवानगी जपानने बळकावलेल्या मांचुरियात झाली. उद्योगांची पंचवार्षिक योजना, लष्कराशी हातमिळवणी आणि बड्या भांडवलदारांना आमंत्रण असा तिथला त्यांचा कारभार होता. त्या कारखान्यांमागे आणि खाणींमागे चिनी मजुरांची वेठबिगारी होती, ही गोष्ट त्यांच्या कर्तबगारीचे गोडवे गाताना बरेचदा गाळली जाते. १९४१ मध्ये ते जनरल तोजो यांच्या मंत्रिमंडळात वाणिज्य व उद्योगमंत्री झाले आणि अमेरिकेविरुद्धच्या युद्धघोषणेवर त्यांची सही आहे. जुलै १९४४ मध्ये मात्र तोजोंनी मागितलेला राजीनामा देण्यास त्यांनी नकार दिला. ते मंत्रिमंडळ कोसळण्यास हा नकार बराच कारणीभूत ठरला.

युद्धानंतर ‘अ’ वर्गाचे संशयित युद्धगुन्हेगार म्हणून ते सुगामो तुरुंगात होते. २३ डिसेंबर १९४८ रोजी तोजोंसह सात जणांना फाशी झाली आणि दुसऱ्याच दिवशी किशी खटल्याविना सुटले. एव्हाना अमेरिकेला जपानमध्ये कम्युनिस्टविरोधी माणसे हवी होती. त्यांच्यावरील सार्वजनिक जीवनातील बंदी १९५२ मध्ये उठली, १९५३ मध्ये ते संसदेत निवडून आले आणि १९५५ मध्ये दोन पुराणमतवादी पक्षांच्या विलीनीकरणातून निघालेल्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे पहिले सरचिटणीस झाले. डिसेंबर १९५६ मध्ये पक्षाध्यक्षपद तान्झान इशिबाशी यांच्याविरुद्ध अवघ्या सात मतांनी हुकले. पण इशिबाशी आजारी पडले आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये पंतप्रधानपद आपसूक चालून आले.

त्याच वर्षी मे महिन्यात ते भारतात आले. पदावर असताना भारतभेटीस आलेले ते पहिले जपानी पंतप्रधान. ऑक्टोबरमध्ये नेहरू जपानला गेले आणि १९५८ मध्ये जपानने आपले पहिले येन-कर्ज भारताला दिले. देशांतर्गत कारभारात किमान वेतन व राष्ट्रीय निवृत्तिवेतन यांचे कायदे (१९५९) झाले ते याच उजव्या नेत्याच्या कारकिर्दीत. पोलिसांचे अधिकार वाढवणारे विधेयक मात्र लोकविरोधामुळे १९५८ मध्ये गुंडाळावे लागले.

त्यांचे नाव कायमचे चिकटले ते अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराला. १९५१ च्या करारात जपानच्या रक्षणाची स्पष्ट हमी नव्हती. उलट जपानमधील अंतर्गत दंगे मोडण्यासाठी अमेरिकी फौज वापरण्याची मुभा होती. जानेवारी १९६० मध्ये सही झालेल्या नव्या करारात हमी आली, ती मुभा गेली. कागदावर करार जपानच्या फायद्याचाच होता. तरीही रस्ते पेटले, कारण अमेरिकी लष्करी तळ कायम राहणार होते, आणि लोकांचा सही करणाऱ्या हातावर विश्वास नव्हता. १९ मे रोजी सभापतींची वाट अडवून बसलेल्या समाजवादी खासदारांना पोलिसांनी उचलून बाहेर काढले आणि मध्यरात्रीनंतर विरोधकांच्या गैरहजेरीत कनिष्ठ सभागृहात करार संमत झाला. घाईमागे हिशेब होता: वरिष्ठ सभागृहाने ३० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर राज्यघटनेनुसार करार आपोआप मंजूर होतो, आणि ती मुदत संपत होती त्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर टोकिओत यायचे होते. पण १० जूनला त्यांच्या प्रसिद्धी सचिवाची मोटार हानेदा विमानतळाबाहेर निदर्शकांनी घेरली. सुटकेसाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. १५ जूनला संसदेच्या आवारातील झटापटीत मिचिको कांबा ही विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली. दौरा रद्द झाला. १८ जूनच्या रात्री गर्दीने वेढलेल्या पंतप्रधान निवासात किशी भावासोबत बारा वाजण्याची वाट पाहत बसले होते. करार मंजूर झाला, तो २३ जूनला अमलात आला आणि त्याच दिवशी किशींनी राजीनामा जाहीर केला. पायउतार होण्याच्या तोंडावर एका हल्लेखोराने त्यांच्या मांडीत सुरा खुपसला, ते बचावले.

करार आजही लागू आहे. राज्यघटना, विशेषतः युद्धत्यागाचे नववे कलम, बदलण्याचे त्यांचे ध्येय मात्र अपुरे राहिले. ते त्यांच्या कन्येचे पुत्र आणि पुढे पंतप्रधान झालेले शिंझो आबे यांनी उचलले. आबेंनी २०१५ मध्ये सामूहिक स्वसंरक्षणाला वाट करून देणारे कायदे केले, तेव्हाही संसदेबाहेर निदर्शने झाली. कलमाचा मजकूर त्यांनाही बदलता आला नाही. कम्युनिस्टविरोधाच्या भरात किशींनी कोरियातून आलेल्या युनिफिकेशन चर्चशीही जवळीक केली होती. ८ जुलै २०२२ रोजी नारा येथे आबेंवर गोळ्या झाडणाऱ्याचा राग याच पंथावर होता: त्याच्या आईने घरची मालमत्ता पंथाला देऊन टाकली होती, आणि आबे घराण्याचे पंथाशी संबंध आहेत असे त्याचे म्हणणे होते.