रक्तक्षय, लहान मुलांमधील (कोल्हापूर)

रक्तातील हिमोग्लोबिन वयानुरूप मर्यादेखाली जाण्याची अवस्था, पांडुरोग. बोलीत ‘अंगात रक्त कमी’. सहा महिने ते पाच वर्षे या वयासाठी दर डेसिलिटरला 11 ग्रॅम ही मर्यादा दीर्घकाळ चालत आली. 7 ग्रॅमखालील रक्तक्षय तीव्र समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी ही मर्यादा 10.5 केली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) भारतातील 67.1 टक्के बालके रक्तक्षयी आढळली, महाराष्ट्रात 68.9 टक्के. चौथ्या फेरीत (2015–16) हेच आकडे 58.6 आणि 53.8 होते. मात्र ही पाहणी बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावर होते. शिरेतील रक्त तपासणाऱ्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (2016–18) देशातील एक ते चार वर्षांच्या मुलांत प्रमाण सुमारे 41 टक्केच निघाले. कुटुंब पाहणीच्या सहाव्या फेरीतून ही चाचणी वगळली गेली. कमी आकडा खरा मानला तरी दिलासा नाही, कारण 40 टक्क्यांपासून पुढे प्रश्न गंभीर ठरतो.

कोल्हापूर दूध, गूळ आणि मटणाचा जिल्हा. येथे रक्त कमी का पडावे, असे सहज वाटते. पण दुधात लोह नगण्य असते आणि दुधानेच पोट भरलेले मूल भाकरी-आमटीकडे पाहत नाही. ‘गोकुळ’ या सहकारी संघाचे दूध 1963 पासून घरोघरी उत्पन्न देत आले, लोह देऊ शकत नाही. गुळाची ख्याती तर फुगवलेलीच. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे 8 मिलिग्रॅम लोह लागते. गुळाच्या 10 ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. मटणातील लोह चांगले शोषले जाते, परंतु तिखट तांबडा रस्सा वर्षाच्या बाळासाठी नसतो. मऊ शिजवून कुस्करलेले मटण, अंडे, डाळ-पालेभाजी आणि वर लिंबू हा उपाय साधा आहे. तो सहाव्या महिन्यानंतर लगेच सुरू व्हायला हवा, कारण जन्मतः मिळालेला साठा तेव्हा संपत आलेला असतो. आईच रक्तक्षयी असेल (राज्यात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया तशा होत्या) किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर साठा मुळातच तोकडा. वरून चहा-बिस्किटाची सवय लागते. चहा लोहाचे शोषण रोखतो. जंतांमुळे होणारा रक्तस्राव, वारंवारचे आजार, ब-12 व फॉलिक आम्लाची कमतरता ही अन्य कारणे. विदर्भ आणि नंदुरबारकडे सिकलसेलचाही विचार करावा लागतो.

‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ (2018) योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोह-फॉलिक सिरप द्यायचे असते. त्यात 20 मिलिग्रॅम लोह असते. एक वर्षावरील मुलांना जंतनाशक अल्बेंडाझोल देतात. सिरपने शौच काळे होते. हे आधी न सांगितल्यास आया घाबरून बाटली बाजूला ठेवतात. गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुले शिरोळ, हातकणंगले भागातील फडांवर काही महिने राहतात. त्यांचे नाव गावाकडच्या अंगणवाडीत असल्याने इथल्या सेविकेने कोप्यांवर (झोपड्यांवर) जाऊन शोध घेतला, तरच सिरप त्यांच्यापर्यंत पोहोचते.