निळा रंग आणि निळ्याची जाणीव

‘पाच ही संख्या तीनपेक्षा मोठी आहे’ असे आपण वर्गात शिकवतो. हे विधान कशामुळे खरे ठरते? आपण तसा विचार करतो म्हणून, की आपण विचार केला नाही तरी ते तसेच आहे म्हणून? या प्रश्नावरून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील दोन तरुणांनी १८९८ च्या सुमारास बंड केले. बर्ट्रांड रसेल (जन्म १८७२) आणि जी. ई. मूर (जन्म १८७३) ही त्यांची नावे.

त्या काळी ब्रिटनमध्ये चिद्वादाचा दबदबा होता. अंतिम सत्य एक अखंड अनुभवरूप आहे, त्यातले सुटे पदार्थ आणि त्यांच्यातले संबंध हा केवळ आभास, असे ऑक्सफर्डचे ब्रॅडली १८९३ च्या आपल्या ग्रंथात मांडत होते. मूर आणि रसेल हे दोघेही आरंभी याच मताचे होते.

१८९९ साली ‘माइंड’ या नियतकालिकात मूरने लिहिले, की विधान ज्यांचे बनते त्या संकल्पना मनाचे अंश नव्हेत. त्या जाणणाऱ्यावर अवलंबून नसतात. १९०३ च्या लेखात त्याने साधे उदाहरण घेतले. निळ्याची संवेदना आणि हिरव्याची संवेदना, दोन्हींत जाणीव समान आहे. फरक आहे तो जाणिवेच्या विषयात. मग जाणीव आणि तिचा विषय एकच कसे? ‘असणे म्हणजे जाणले जाणे’ या बर्कलीच्या सूत्राचा आधारच यामुळे डळमळला. मात्र यातून चिद्वाद खोटा ठरत नाही, त्याचा एक आधार तेवढा जातो, हे मूरने स्वतःच स्पष्ट केले.

रसेलची वाट गणितातून गेली. जुने तर्कशास्त्र प्रत्येक विधान उद्देश्य-विधेयाच्या साच्यात बसवी. ‘अ हा ब पेक्षा उंच’ हे त्यात बसवून पाहू. अ ची उंची ५ फूट, ब ची ४ फूट, असे दोघांचे गुण सांगितले, तरी ‘५ हे ४ पेक्षा मोठे’ हा संबंध उरतोच. अ-ब या जोडीचा तो गुण मानला, तर उंच कोण हेच कळत नाही. अशा दिशा असलेल्या संबंधांवाचून क्रम नाही आणि क्रमावाचून संख्यांची श्रेणी नाही. तेव्हा संबंध खरे मानलेच पाहिजेत, असा निष्कर्ष त्याने १९०३ च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ मध्ये काढला आणि प्रस्तावनेत मूरचे ऋण मान्य केले.

पण नवा वास्तववाद फार उदार निघाला. ज्याचा ज्याचा विचार करता येतो, त्याला कसले तरी अस्तित्व द्यावे लागे. त्यात संख्यांबरोबर होमरचे देवही आले! १९०५ साली रसेलनेच उपाय सुचवला. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ या वाक्याची फोड केली, की असा राजा कुठेतरी असावा असे मानण्याची गरज उरत नाही.

चूक उत्तराला आपण चूक म्हणतो, तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या विचाराहून वेगळे असे काही आहे, हे आपण गृहीत धरतो. ते गृहीत तपासण्याच्या आणि त्याची मर्यादा आखण्याच्या या खटपटीतूनच विश्लेषणवादी तत्त्वज्ञान आकाराला आले.