डायल-अप मोडेम, लिनक्स आणि मराठवाडा : नांदेड-लातूरच्या संगणकजोडणीचा एक टप्पा

प्रस्तावना :

भारतातील इंटरनेटचा इतिहास लिहिताना १५ ऑगस्ट १९९५ ही तारीख आवर्जून दिली जाते. या दिवशी विदेश संचार निगम लिमिटेडने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तथापि ही तारीख महानगरांची आहे. नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. म्हणजे हे विद्यापीठ आणि सार्वजनिक इंटरनेट जवळजवळ एकाच वयाचे होय. असे असूनही नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा जगाशी संगणकीय संबंध जुळला तो बऱ्याच उशिरा आणि तांब्याच्या दूरध्वनी तारेवरून. प्रस्तुत लेखात या टप्प्याचा, विशेषतः लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवर मोडेम चालविण्याच्या खटाटोपाचा, विचार केला आहे.

दूरध्वनीची तार :

मोडेमपूर्वी तार होती. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारी ग्रामीण एक्स्चेंजे तयार केली आणि त्यातून तालुक्यांपर्यंत दूरध्वनी पोहोचला. मात्र इंटरनेटसाठी सेवेच्या नोडला फोन लावावा लागे. जवळ नोड नसेल तर एसटीडीचा दर पडे. अशा स्थितीत एक लेख उतरवून घेणे म्हणजे बाहेरगावी तासभर फोनवर बोलण्यासारखेच होते. १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएल अस्तित्वात आली आणि तिच्या संचारनेट सेवेने १७२२३३ हा क्रमांक फिरवून स्थानिक कॉलवर जोडणी मिळू लागली. जिल्ह्याच्या ठिकाणचा इंटरनेटचा खरा इतिहास येथून सुरू होतो, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

स्वस्त मोडेमची किंमत :

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहिला. भारतात तो घराघरांत गेला तो प्रामुख्याने सीडीवरून. 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सची सीडी देण्यास सुरुवात केली व त्यामागे बंगळुरूचे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. या सीडीचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. डायल-अपवर सेकंदाला फार तर पाच किलोबाइट हाती लागत. त्या वेगाने ७०० मेगाबाइटची एक सीडी उतरवण्यास सुमारे ४० तास लागले असते, तेही फोन मध्येच न तुटता आणि वीज न जाता.

सीडीमुळे प्रणाली तर मिळाली. पण मोडेमचे काय? जुन्या बाह्य मोडेममध्ये सिग्नलवर प्रक्रिया करणारी चिप व नियंत्रक दोन्ही असत. तो सिरियल पोर्टला जोडला की लिनक्सला पहिला पोर्ट टीटीवायएस० या नावाने दिसे. (विंडोजमध्ये तोच कॉम-१, एकापासून मोजण्याची सवय असलेल्यांचा निम्मा गोंधळ या शून्याने केला.) पुढे संगणकाच्या आत बसणारे स्वस्त मोडेम आले. त्यांना 'विनमोडेम' म्हणत. त्यांनी नियंत्रकाचे आणि बहुधा सिग्नल प्रक्रियेचेही काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलले. ते काम करणारे सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी दिले जाई आणि चिपची माहिती निर्माते उघड करीत नसत.

महाविद्यालयीन खरेदीची पद्धत येथे लक्षात घेतली पाहिजे. तीन दरपत्रके मागवायची, सर्वांत कमी दर स्वीकारायचा. दरपत्रकात '५६ के मोडेम' एवढेच लिहिलेले असे. चिप कोणती, याला रकाना नव्हता. त्यामुळे विनमोडेमच निवडला जाण्याची शक्यता अधिक. प्रणालीवर वाचलेला पैसा मग दुसऱ्या, महागड्या बाह्य मोडेमवर घालावा लागे किंवा लिनक्सच सोडून द्यावे लागे. मुक्त सॉफ्टवेअरच्या चर्चेत परवान्याच्या तत्त्वज्ञानाला जेवढी जागा मिळते, तेवढी या रकान्याला मिळालेली नाही.

ल्युसेंटसारख्या काही चिपसाठी पुढे लिनक्सचे ड्रायव्हर उपलब्ध झाले. परंतु ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेट ड्रायव्हरच्या पलीकडे! सायबर कॅफेतून फ्लॉपीवर तो आणायचा, कर्नलशी जुळवून संकलित करायचा, आणि कर्नल बदलला की पुन्हा तेच.

डायल टोन :

मोडेम ओळखला गेल्यावरही काम संपत नसे. अमेरिकेतील डायल टोन ३५० व ४४० हर्ट्झ या दोन स्वरांचा असतो. भारतातील टोन २५ हर्ट्झने कंप पावणाऱ्या ४०० हर्ट्झचा. परदेशी मानकावर घडवलेला मोडेम आपला टोन ऐकूनही 'डायल टोन नाही' असा निरोप देई. मोडेमच्या आज्ञावलीची परंपरा १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपर्यंत जाते. तीत 'एटीएक्स३' ही आज्ञा आहे : टोनची वाट न पाहता क्रमांक फिरव. हे एक अक्षर व एक अंक ठाऊक नसल्याने चांगला मोडेमही बिघडलेला ठरू शकत असे.

त्यानंतर पीपीपी जोडणी. 'डब्ल्यूव्हीडायल' या प्रोग्रॅममध्ये 'स्टुपिड मोड' नावाचे एक कलम होते. ते चालू केले की प्रोग्रॅम सर्व्हरच्या प्रश्नांचा अर्थ लावत न बसता थेट पीपीपी सुरू करी, आणि अनेकदा जोडणी होई ती यानेच. संगणकाला प्रयोगशाळेच्या जाळ्याचा पूर्वनिश्चित मार्ग आधीच दिलेला असेल तर पीपीपी तो बदलत नसे. परिणामी जोडणी झालेली, मीटर पडते आहे, पण पान एकही उघडत नाही.

तारेनंतर :

डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेली यूजीसी-इन्फोनेट योजना विद्यापीठांसाठी होती. संलग्न महाविद्यालयांना ई-नियतकालिके देणारी एन-लिस्ट योजना २०१० मध्ये आली. मधल्या काळात महाविद्यालयातील प्राध्यापकाचा आधार बराचसा डायल-अपच होता. १४ जानेवारी २००५ रोजी बीएसएनएलची डेटावन ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. तिचा मोडेम इथरनेट केबलने जोडता येई, त्यामुळे लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नसे. डायल-अप मोडेम हळूहळू बाजूला पडले. महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत विनमोडेम आणि बाह्य मोडेम या दोघांचीही नोंद 'मोडेम, नग १' अशीच.