क्लोरोफॉर्मपासून श्वासापर्यंत

काचीगुड्याचे रेल्वेस्थानक इ. स. १९१६ मध्ये निजामाच्या रेल्वेने बांधले. मनमाडच्या बाजूने निघालेली मीटर गेजची गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे मागे टाकीत ह्या स्थानकाच्या घुमटांपाशी येऊन थांबे, आणि मराठवाड्याचा माणूस आपल्या राजधानीत उतरे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी आणि मोठा दवाखाना, ह्या सर्वांसाठी वाट हीच. स्थानकापासून सुलतान बाजार दूर नाही, आणि चादरघाटही दूर नाही. ह्या दोन्ही ठिकाणच्या रुग्णालयांशी वेदनाशमनाच्या इतिहासातील एक प्रकरण जोडलेले आहे. प्रसूतीच्या वेणांवर माणसाने दोन प्रकारचे उपाय शोधले. एक, आईला निजवण्याचा; दुसरा, तिला जागी ठेवून शांत करण्याचा. पहिल्या उपायाच्या इतिहासात हैदराबादचे नाव कायमचे कोरले गेले आहे. दुसऱ्याची कथा आज त्याच शहरात चालू आहे.

एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी जानेवारी १८४७ मध्ये एका प्रसूतीसाठी ईथर वापरले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. लगेच काही जणांनी बायबल पुढे केले. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हव्वेला सांगितले आहे की तू क्लेशाने लेकरे प्रसवशील. मग तो क्लेश दूर करणारा डॉक्टर ईश्वराच्या वचनाविरुद्ध वागत नाही काय? सिम्प्सन यांनी त्याच ग्रंथातून उत्तर दिले. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ कष्ट, परिश्रम असा आहे, असे त्यांनी दाखवले. शिवाय दुसऱ्या अध्यायात आदामाची फासळी काढण्यापूर्वी प्रभूने त्याला गाढ झोप आणली होती, ह्याचीही आठवण करून दिली. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला. पंडितांच्या वादाने जे साधले नव्हते ते राजवाड्यातल्या एका बाळंतपणाने बरेचसे साधले.

परंतु हे औषध निर्धोक नव्हते. १८४८ च्या जानेवारीतच इंग्लंडात पायाच्या नखाची किरकोळ शस्त्रक्रिया करताना पंधरा वर्षांची एक मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली. मृत्यू श्वास थांबल्याने येतो की हृदय थांबल्याने, ह्यावर डॉक्टरांत दोन तट पडले. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन आणि तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे पहिल्या तटातले. त्यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये हैदराबादेत एक समिती बसली आणि तिने लॉरी यांच्या बाजूने निर्वाळा दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्राला तो पटला नाही. तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड दिले आणि १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’चे प्रतिनिधी म्हणून डॉक्टर लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे असे ४९० प्राणी ह्या दुसऱ्या समितीच्या प्रयोगांत खर्ची पडले. त्या मुक्या जिवांची संख्या वाचून आजच्या माणसाचा जीव कळवळतो. निष्कर्ष मात्र एका वाक्यात मावणारा होता: नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. पुढे १९११ मध्ये लेव्ही ह्या संशोधकाने दाखवून दिले की अर्धवट गुंगीत हृदयही एकाएकी थांबू शकते. हैदराबादचा सिद्धान्त अपुरा ठरला. पण रोग्याच्या श्वासावर नजर ठेवण्याची शिस्त खरीच होती.

ह्याच काळात रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत १८८५ मध्ये दाखल झाली. शिक्षण संपवून तिने रोग्यांना क्लोरोफॉर्म देण्याचे काम पत्करले आणि ते वर्षानुवर्षे केले. जगातील पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांत तिची गणना होते. १९०९ मध्ये ती एडिंबरोस जाऊन पदार्थविज्ञान आणि रसायन शिकून आली, आणि १९२० मध्ये चादरघाट रुग्णालयाची प्रमुख म्हणून निवृत्त झाली. रोग्याच्या उशाशी बसून त्याचा एकेक श्वास मोजणारी ही बाई पुढे कित्येक वर्षे विस्मृतीत गेली, ही आपल्या इतिहासलेखनाची उणीव होय.

क्लोरोफॉर्मच्या आधी, ह्याच देशात, शब्दाने आणि स्पर्शाने वेदना घालवण्याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला होता. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल ह्या डॉक्टरांनी एप्रिल १८४५ पासून मेस्मेरच्या पद्धतीने रोग्यांना निद्रावस्थेत नेऊन मोठमोठ्या गाठी कापल्या. त्यांचे सहायक अंधाऱ्या खोलीत रोग्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवीत. १८४६ मध्ये कलकत्त्यास त्यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालयही निघाले. पण क्लोरोफॉर्म चार मिनिटांत जे करी, त्याला येथे कित्येक तास, कधी कित्येक दिवस लागत. मेस्मेर मागे पडला. मँचेस्टरचे जेम्स ब्रेड यांनी मात्र १८४३ च्या आपल्या ग्रंथात ह्या अवस्थेला ‘हिप्नॉटिझम’चे नाव रूढ केले आणि सांगितले की मांत्रिकाच्या बोटांतून कोणतेही तेज वाहत नाही, सारे काही रोग्याच्या स्वतःच्या एकाग्र झालेल्या चित्तात घडते. हे एकदा मान्य झाले, की दुसऱ्याने निजवण्याची गरजच उरत नाही. माणूस स्वतःलाच सूचना देऊ शकतो. स्वसंमोहनाचे बीज ह्या विचारात आहे.

आपल्याकडे ही गोष्ट निराळ्या नावाने माहीत होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतिगृहाचे वर्णन आहे. पुष्कळदा बाळंत झालेल्या, मायाळू, धीर देणाऱ्या स्त्रियांनी तिच्याभोवती असावे, तिच्याशी गोड बोलावे, असे तेथे सांगितले आहे. कळ आल्यावाचून जोर करू नये, हेही तेथे आहे. शिंक आलेली नसताना ती ओढूनताणून काढू गेल्यास जसे व्यर्थ होते, तसा तो जोर व्यर्थ जातो. गावची सुईण हेच करी. कंबर चोळीत, पाठीवर हात फिरवीत, एका सुरात तीच तीच वाक्ये बोलत ती रात्र काढी. परंतु जुन्या काळी बायका सहज बाळंत होत, हे म्हणणे खरे नव्हे. त्याच सुईणीचे मळके हात आणि निर्जंतुक न केलेले पाते कित्येक मायलेकरांच्या जिवावर बेतले. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या अमेरिकेपर्यंत पोचल्या, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच. धीर आणि स्वच्छता, दोन्ही लागतात.

विसाव्या शतकात पुन्हा धीराकडे लक्ष गेले ते ग्रँटली डिक-रीड ह्या इंग्रज डॉक्टरांमुळे. तरुणपणी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात एका गरीब बाईने त्यांनी पुढे केलेला क्लोरोफॉर्म नाकारला आणि ती शांतपणे बाळंत झाली. कारण विचारले तेव्हा तिला दुखलेच नव्हते, आणि दुखावे असे तिला वाटतही नव्हते. ही साधी गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. १९३३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडले की भीतीने स्नायू आवळतात, आवळलेल्या स्नायूंनी वेदना वाढते, आणि वाढलेली वेदना भीतीला आणखी खतपाणी घालते. हे चक्र तोडायचे ते ज्ञानाने आणि शिथिलतेने. सोव्हिएत रशियात वेलवोव्स्की आणि त्यांचे सहकारी संमोहनाच्या प्रयोगांतून निघून पाव्लोवच्या सिद्धान्तांच्या आधारे अशाच निष्कर्षाला आले. १९५१ मध्ये फ्रान्सचे डॉक्टर लामाझ तेथे एक प्रसूती पाहून थक्क झाले आणि पॅरिसला परतून धातुकामगारांच्या प्रसूतिगृहात श्वासाचे धडे देऊ लागले.

शंभर वर्षांपूर्वीचा धर्मप्रश्न पुन्हा उपस्थित झाला. ह्या वेळी त्यात एक नवी अडचण होती. ही पद्धत निरीश्वरवादी देशातून आली होती. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांसमोर ह्या विषयावर सविस्तर भाषण केले. पद्धतीत स्वतः काही अनैतिक नाही. शास्त्रीय शोधाचे मोल शोधकाच्या राजकीय मतावरून ठरत नाही. आणि उत्पत्तीतले ते वचन वेदना कमी करण्यास मनाई करीत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. पुढच्या वर्षी संमोहनाविषयी बोलताना त्यांनी सावधगिरीचा इशाराही दिला: ते हौशी माणसांचे खेळणे नव्हे. सिम्प्सनला जे एकट्याने झगडून मांडावे लागले, ते आता रोमहून सांगितले गेले.

तंत्रात गूढ असे काही नाही. गर्भारपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत रोज थोडा वेळ स्त्री डोळे मिटून पडते. जबडा, खांदे, तळहात, मांड्या क्रमाक्रमाने सैल सोडते. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ देते, आणि मनात एखादे ओळखीचे दृश्य किंवा एखादा शब्द धरून ठेवते. पुनःपुन्हा केल्याने तो शब्द आणि ती शिथिलता ह्यांची गाठ पडते. कळ आली की शब्दासरशी अंग सैल होऊ लागते. शरीरशास्त्रही ह्याला काहीसा आधार देते. भीतीने अंगात ॲड्रिनॅलिन वाढते, आणि त्याने गर्भाशयाचे काम मंदावू शकते.

पण येथे अतिशयोक्तीला आळा घातला पाहिजे. २०१६ मध्ये नऊ चाचण्यांतील २,९५४ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. संमोहन शिकलेल्या स्त्रियांनी एकंदरीत वेदनाशामक औषधे कमी घेतली; पण पाठीच्या कण्यातून दिल्या जाणाऱ्या भुलीच्या प्रमाणात स्पष्ट फरक आढळला नाही, नैसर्गिक प्रसूतीच्या प्रमाणातही नाही. इंग्लंडात ६८० स्त्रियांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही भुलीचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. मात्र बाळंतपणानंतर मागे वळून पाहताना, शिकलेल्या स्त्रियांना ते अपेक्षेहून कमी भीतीचे वाटले. वेदना गेली नाही, धास्ती गेली. हा लाभ लहान मानू नये. आणि जिला भूल घ्यावी लागली, किंवा पोट फाडून मूल काढावे लागले, तिचा श्वास चुकला असे म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

हैदराबादेत हा प्रश्न आज अधिक तीव्र आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तेलंगणात ६०.७ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ८१.५ टक्के, तर साऱ्या भारताचे २१.५. इतक्या सगळ्या मातांना चाकूची खरोखर गरज होती, हे कोण मानील? भीती हे त्यामागचे एकमेव कारण नाही. मुहूर्त, डॉक्टरांची सोय, पैसा, पहिली प्रसूती शस्त्रक्रियेने झाली म्हणून दुसरीही तशीच, अशी अनेक कारणे आहेत. पण ज्या खोलीत प्रसूत होणारी स्त्री एकटी, अनोळखी माणसांत पडलेली असते, तेथे भीती ही सर्वांची मदतनीस होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत स्नायूंची शिथिलता आणि श्वसनाचे तंत्र ह्यांना, तसेच स्त्रीच्या पसंतीच्या सोबतिणीला स्थान दिले. चरकाच्या मायाळू बायका शासकीय कागदावर परत आल्या.

सुलतान बाजारापासून जवळच असलेल्या बोगुलकुंट्यात १९४८ मध्ये सुरू झालेल्या फर्नांडिस रुग्णालयाने २०११ पासून प्रशिक्षित सुइणी तयार करण्यास आरंभ केला. २०१७ मध्ये तेलंगण सरकारने त्याच संस्थेच्या आणि युनिसेफच्या साहाय्याने शासकीय परिचारिकांना हे शिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि पहिल्या तुकडीचे शिक्षण करीमनगरच्या जिल्हा रुग्णालयात झाले. ह्या सुइणींना कळा मोजता येतात, मुलाचे ठोके ऐकता येतात, धोका ओळखून वेळीच डॉक्टरांना बोलावता येते. आणि त्या आईच्या उशाशी बसून तिला श्वास सोडायला सांगतात.