तलासरीचं मुंगूस कोणत्या नावाखाली शोधायचं?

डहाणूच्या चिकूवाडीत किंवा तलासरीकडच्या भातखाचराच्या बांधावर मुंगूस आडवं गेलं, तर त्याची नोंद करून ठेवावी असं कोणाला वाटत नाही. ते सगळीकडे असतंच, असं आपण धरून चालतो. पण हा समज झाला, पुरावा नव्हे. या दोन तालुक्यांत मुंगूस कोणतं, कुठवर आणि कधीपासून आहे हे कागदांतून शोधायचं, तर आधी नावांचा आणि मग हद्दींचा गुंता सोडवावा लागतो.

आपल्या ओळखीचं करडं मुंगूस घ्या. एतिएन जोफ्रुआ सँ-तिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८१८ साली त्याला ‘एडवर्डसी’ हे जातिनाम दिलं. तरी भारतीय सस्तन प्राण्यांवरच्या जर्डनच्या १८६७ च्या ग्रंथात ते ‘ग्रिसियस’ आहे, ब्लॅनफर्डच्या १८८८ च्या खंडात ‘मुंगो’ आणि पोकॉकच्या १९४१ च्या खंडात पुन्हा ‘एडवर्डसी’. आज ‘मुंगो’ हे नाव आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसाकडे गेलं आहे, म्हणजे जुना उल्लेख सरळ वाचणारा थेट चुकीच्या खंडात पोहोचायचा! पुढे जनुकीय अभ्यासांतून दिसलं की आशियाई मुंगसांची शाखा इजिप्तच्या मुंगसाहून निराळी आहे. ‘हर्पेस्टिस’ हे प्रजातिनाम मुळात त्या इजिप्शियन मुंगसाचं, त्यामुळे आशियाई जातींना २०२० च्या सुमारास हॉजसन या निसर्ग अभ्यासकाचं १८३७ मधलं ‘उर्वा’ हे नाव मिळालं.

ही पंडितांची हौस आहे, प्राण्याला त्याचं काय, असा आक्षेप येईल. पण नावाबरोबर नकाशाही हलतो. उत्तर भारतातलं लहान मुंगूस आणि जावातलं मुंगूस एकच, असं अनेक वर्षं मानलं जाई. १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकात उंदरांसाठी नेलेली मुंगसं त्यामुळे पुस्तकांत ‘जावाची’ ठरली. २००७ च्या अभ्यासाने दोन जाती वेगळ्या केल्या, आणि एकाही मुंगसाने पाऊल न उचलता जावाच्या जातीचा प्रदेश आकसला.

हद्दींचंही तेच. १८८२ चं गॅझेटियर ठाणे जिल्ह्याचं, आणि त्यात उंबरगाव हा डहाणू तालुक्याचा पेटा, म्हणजे उपविभाग. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा उंबरगावची गावं वाटली गेली, काही गुजरातेत गेली, उरलेली पुढे तलासरीत आली. २०१४ पासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. ‘ठाणे, उंबरगाव’ एवढाच पत्ता असलेलं जुनं कातडं आज कोणत्या राज्याच्या यादीत घालायचं? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सुरू केलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाचा पहिला अहवालही खानदेशाचा होता, या किनाऱ्याचा नव्हे.

मग जुने कागद बाजूला ठेवून आज कॅमेरे लावावेत, असं कोणी म्हणेल. जरूर लावावेत, कारण करडं आणि तांबूस मुंगूस दोन्हीही बोलताना नुसती ‘मुंगूस’ असतात. तांबूस मुंगसाच्या शेपटीचं काळं, वर वळलेलं टोक छायाचित्रात ओळखू येतं. पण कॅमेरा सांगणार ते आजचं. करडं मुंगूस कुंपणं, झुडपं आणि शेतांच्या कडेने राहणारं. घोलवड-डहाणूच्या चिकूवाड्या उभ्या राहिल्यावर ते वाढलं की आधीपासून तितकंच होतं, याचं उत्तर वाड्यांच्या आधीच्या नोंदींतच मिळू शकतं, मग त्या ‘ग्रिसियस’च्या पानावर असोत की ‘मुंगो’च्या.